गुळाचा चहा फाटतो, ग्रीन टी कडू लागतो: घरच्या चहाच्या नेहमीच्या तक्रारी

गुळाचा चहा काल नीट झाला आणि आज फाटला. दूध तेच, गूळ तोच, करणारा हातही तोच. ही तक्रार इतक्या घरांतून येते की सुरुवात तिच्यापासूनच करू. तिच्या मागोमाग आल्याने फाटणारा चहा, रंगाला छान पण चवीला कडवट चहा, आणि औषध म्हणून नाक दाबून प्यायला जाणारा ग्रीन टी यांचा नंबर लागतो. लोक पहिला संशय पुड्यावर घेतात आणि ब्रँड बदलतात. आधी घालण्याचा क्रम बदलून पाहावा, असं माझं मत आहे. कुठली वस्तू कधी घातली आणि तेव्हा आच किती होती, एवढं तपासलं तरी बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

गुळाने चहा फाटतो

ताज्या दुधाचा सामू (पीएच) ६.६ ते ६.८ च्या आसपास असतो, म्हणजे दूध किंचितच आम्ल असतं. त्यातलं केसीन हे प्रथिन थंड दुधात सामू ४.६ पर्यंत उतरल्यावर खाली बसतं. दही लागतं ते असंच. पण दूध उकळत असेल तर केसीन इतकी वाट पाहत नाही, थोड्याशा आंबटपणानेही गोळा होतं. गुळात आम्लं असतात आणि क्षारही असतात. उकळत्या दुधात गूळ टाकला म्हणजे केसीनला आम्ल, क्षार आणि उष्णता अशा तिन्ही बाजूंनी एकाच वेळी धक्का बसतो. साखरेत आम्लं नाहीत आणि क्षारही नाहीत, म्हणून कितीही उकळला तरी साखरेमुळे चहा फाटत नाही.

मग काल का नाही फाटला? उसाचा रस उकळताना मळी काढण्यासाठी गुऱ्हाळात चुन्याची निवळी घालतात आणि तिने रसातला आंबटपणा कमी होतो. कुठे जास्त घालतात, कुठे कमी, कुठे नुसत्या भेंडीच्या चिकावर काम भागवतात. त्यामुळे एका ढेपेवर चहा जमतो आणि दुसरीवर फाटतो. शिवाय गूळ जुना होतो. पावसाळ्यात पाघळलेला, वास बदललेला गूळ हिवाळ्यातल्या नव्या गुळापेक्षा आंबट असतो. दुधाचंही तसंच. सकाळी आणलेली पिशवी संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिली असेल, तर दूध अजून नासलेलं नसतं, पण काठावर आलेलं असतं. असं दूध आणि असा गूळ एकत्र आले की चहा फाटणारच.

उपाय दोन आहेत. पहिला घाईच्या वेळी चालतो: पाणी, आलं, चहा पूड आणि दूध यांचा नेहमीसारखा बिनसाखरेचा चहा करायचा, गॅस बंद करायचा, उकळी पूर्ण बसू द्यायची आणि मग किसलेला गूळ घालून ढवळून लगेच गाळायचा. गूळ किसलेलाच हवा. खडा टाकला तर तो विरघळेपर्यंत त्याच्या भोवतालचं दूध फाटून घेतं.

दुसरा उपाय जास्त खात्रीचा. एका पातेल्यात पाणी, आलं, चहा आणि गूळ उकळून गाळून घ्यायचं. दुसऱ्या पातेल्यात दूध वेगळं तापवायचं. मग कपात आधी दूध आणि त्यावर गुळाचा कोरा चहा ओतायचा. एकत्र केल्यावर पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, हीच या पद्धतीतली मेख आहे. "थोडा कोमट वाटतोय, एक उकळी देऊ" म्हणून पातेलं परत चढवलं की सगळं मुसळ केरात. चहा गरम हवा असेल तर कप आणि दूध आधी नीट तापवा.

चिमूटभर खायचा सोडा घालण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. त्याने चहा फाटत नाही हे खरं, कारण सोडा आंबटपणा मारतो. पण त्याने रंग काळपट होतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. मी तो सुचवणार नाही. गूळ पिवळाधमक घ्यावा की काळसर, यावरही वाद चालतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मानांकन चहा फाटू नये म्हणून मिळालेलं नाही. नवीन ढेप आणली की अर्धी वाटी दूध उकळा, गॅस बंद करून त्यात गुळाचा छोटा चुरा टाका आणि पाहा. फाटलं तर त्या ढेपेसाठी दोन पातेल्यांची पद्धत.

गूळ नाही, तरी फाटतो

मग संशय घ्या तो चहात घातलेल्या आल्याचा. ताज्या आल्यात झिंगिबेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि ६० अंश सेल्सियसच्या आसपास सगळ्यात जोरात काम करतं. त्यापुढे तापमान चढलं की ते लवकरच निकामी होतं. चीनच्या ग्वांगडाँग भागात याच गुणाचा उपयोग करून गरम दूध आल्याच्या रसावर ओततात आणि दिसायला आपल्या खरवसासारखी मऊ वडी बसवतात. तिथे ते कौतुकाने खातात, आपल्या पातेल्यात मात्र ती आपत्ती असते.

आता घरात काय घडतं ते पाहा. घाई असते म्हणून पाणी, फ्रिजमधलं थंड दूध आणि किसलेलं आलं एकदमच पातेल्यात पडतं आणि मंद आचेवर चढतं. म्हणजे ६० अंशांच्या टप्प्यातून दूध आणि कच्चं आलं हातात हात घालून सावकाश जातात. झिंगिबेनला यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही. त्याऐवजी आलं ठेचून आधणातच टाका आणि दोन-तीन मिनिटं खळखळ उकळू द्या. विकर मेलं की मग दूध घाला. आल्याचा तिखटपणा याने जात नाही, उलट पाण्यात नीट उतरतो. कपात वरून आल्याचा रस पिळायची सवय असेल तर ती सोडा. सुंठीच्या चहात हा त्रास सहसा होत नाही.

आलंही नाही आणि गूळही नाही, तरी फाटला? मग दूधच गेलेलं आहे. चमचाभर दूध वेगळं उकळून पाहिलं की कळतं. पातेलं नीट घासलेलं नसणं हेही एक कारण असतं, विशेषतः ताकाच्या किंवा कढीच्या भांड्यात चहा केला असेल तर.

चहा कडवट होतो

कडक आणि कडवट या दोन गोष्टी आपल्याकडे एकच समजल्या जातात. चहा कडक हवा म्हणून लोक उकळत राहतात, आणि मिळतो तो कडवट.

आपण रोज जो दाणेदार चहा वापरतो तो सीटीसी प्रकारचा. १९३० च्या दशकात आसाममध्ये आलेल्या यंत्रात पानं दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, गोळी वळून निघतात. पान आधीच फाटलेलं असल्याने त्यातला रंग आणि चव उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत उतरते. त्यानंतर जे उतरत राहतं ते मुख्यतः तुरट आणि कडू. वास तर वाफेबरोबर उडूनच जातो. दहा मिनिटं उकळलेल्या चहाचा वास स्वयंपाकघरात दरवळतो याचा अर्थ तो कपात राहिलेला नाही.

म्हणून कडक चहा हवा असेल तर पूड वाढवा, वेळ वाढवू नका. दोन कपांसाठी मी दीड कप पाणी, पाऊण कप दूध आणि दोन सपाट चमचे सीटीसी धरतो. आधण खळखळलं की पूड, मग दोन मिनिटं मध्यम आच, मग तापवलेलं दूध, आणि एक-दोन उकळ्या येऊन रंग बसला की गाळून टाकायचा. दूध थंड घातलं तर उकळी बसते आणि ती परत येईपर्यंत पूड पाण्यात पडून राहते. थंडीत हा फरक चांगलाच जाणवतो. बारीक डस्ट वापरत असाल तर वेळ आणखी कमी करा. डस्टचा रंग झटकन येतो आणि कडवटपणाही तितक्याच झटकन येतो.

"मग अमृततुल्यमध्ये चहा तासन् तास उकळत असतो, तो कसा कडवट होत नाही?" हा प्रश्न पुण्यात हमखास विचारला जातो. तिथे दूध भरपूर असतं, साखर सढळ असते, आणि चहातली तुरट द्रव्यं दुधातल्या केसीनला चिकटली की जिभेला कमी बोचतात. शिवाय तिथलं पातेलं रिकामं होतं, भरतं, पुन्हा रिकामं होतं. एकच चहा दुपारपर्यंत उकळत बसत नाही. घरी आपण अर्धं पाणी अर्धं दूध घेऊन तेवढंच उकळायला जातो आणि मग पुड्याला दोष देतो.

उरलेला चहा पुन्हा गरम करताना चोथ्यासकट करू नका. आधीच गाळून ठेवलेला असेल तर निदान पिण्याजोगा राहतो.

रंग येतो, चव येत नाही

याची कारणं विखुरलेली आहेत. पहिलं, पूड जुनी आहे किंवा गॅसच्या वरच्या फळीवर, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेली आहे. चहा ओल आणि वास दोन्ही पटकन ओढून घेतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघडा पुडा आठवड्यात मऊ पडतो. मोठा पुडा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि रोजच्या वापरासाठी छोटी डबी भरा.

दुसरं, चमचा. मोठ्या पानाचा चहा हलका आणि फुगीर, डस्ट जड. डस्टच्या सवयीने एक चमचा लांब पानाचा चहा घातला की तो पाणचट होणारच. वजनाचा काटा घरात असेल तर एकदा मोजून पाहा, मग चमच्याचा अंदाज बसतो. चव घेणाऱ्या तज्ज्ञांसाठी जी आंतरराष्ट्रीय पद्धत ठरवलेली आहे, तिच्यात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं असं प्रमाण आहे. ते चहातले दोष उघडे पाडण्यासाठी आहे, घरी इतका जहाल चहा पिऊ नये. त्याच्या निम्मं प्रमाण पानांच्या चहाला पुरतं.

तिसरं, भेसळ. वापरलेला चोथा वाळवून, रंग लावून विकण्याचे प्रकार होतात. तपासणी सोपी आहे: ओल्या पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पूड पसरा, थोड्या वेळाने नळाखाली धुऊन कागद उजेडात धरा. शुद्ध चहाचा डाग नावापुरता पडतो, रंग लावलेल्याचा लगेच गडद पडतो. सुटी पूड घेणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावंच.

चौथं, पाणी. बोअरच्या जड पाण्यात चहा काळपट आणि मंद लागतो. हे गाळल्याने सुटत नाही. पिण्याच्या पाण्याचा शुद्धीकरण संच घरात असेल तर चहालाही तेच पाणी घ्या.

कोऱ्या चहावर तवंग येतो

हा तेलाचा तवंग नाही आणि पूड खराब असल्याचंही लक्षण नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं यांची हवेशी गाठ पडली की वर पापुद्रा धरतो. लिंबाचे दोन-चार थेंब पडले की तो धरत नाही. लिंबू पिळल्यावर चहाचा रंग एकदम फिका होतो, तेही आंबटपणामुळेच. चव पातळ झालेली नसते. लिंबू मात्र गाळल्यानंतर, कपात पिळा. उकळत्या चहात पिळलं तर वास जातो आणि नुसता आंबटपणा उरतो. लिंबाच्या चहात दूध चालत नाही, हे सांगायची गरज नसावी.

ग्रीन टी कडू लागतो

कारण तो उकळला जातो. एवढंच. दुधाच्या चहाची सवय इतकी हाडीमासी भिनलेली असते की ग्रीन टीची पानंसुद्धा आधणात पडतात आणि वर पाच मिनिटं उकळतात. हिरव्या चहातली पानं वाफेवर किंवा कढईत तापवून त्यांचं काळं पडणं लगेच थांबवलेलं असतं, त्यामुळे त्यातली कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं जशीच्या तशी राहतात. पाणी जितकं गरम तितकी ती जास्त उतरतात. चहाला गोडसर, भरीव चव देणारं थिअनीन मात्र कमी गरम पाण्यातही सुखाने उतरतं. म्हणजे पाणी थोडं निवलेलं असलं की हवं ते येतं आणि नको ते मागे राहतं.

हवं असतं ७० ते ८० अंशांचं पाणी. थर्मामीटर लागत नाही. दोन वाट्या खळखळतं पाणी आणि एक वाटी माठातलं किंवा साधं पाणी एकत्र करा, ७५ च्या आसपास येतं. पेल्याला २ ग्रॅम पानं, दोन मिनिटं, आणि पानं बाहेर. पिशवी असेल तर तीही बाहेर. कपात पिशवी ठेवून घोट घोट पिण्याची पद्धत कडवटपणाला आमंत्रण देते, आणि शेवटी ती पिशवी चमच्यावर दाबून पिळणं म्हणजे राहिलेलं सगळं कडू कपात ओढून घेणं. चांगल्या पानांवर दुसऱ्यांदा पाणी घालता येतं. बऱ्याचदा दुसरा कप पहिल्यापेक्षा सरस निघतो.

एवढं करूनही कडूच लागत असेल तर पानं रात्री गार पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळून प्या. गार पाण्यात कडवटपणा फारच कमी उतरतो. मधाने कडवटपणा झाकण्यापेक्षा हे बरं. आणि वजन उतरवण्यासाठी पीत असाल तर त्या आशेने तरी तो उकळू नका.

भेट आलेला दार्जिलिंग "पाण्यासारखा" लागतो

कोणीतरी सहलीहून लाकडी डबीत महागडा दार्जिलिंग चहा आणतं, घरी तो दूध-साखर घालून उकळला जातो, आणि मग "यात काही दम नाही" असा निकाल लागतो. दार्जिलिंग हे भारतात भौगोलिक मानांकन मिळालेलं पहिलं उत्पादन. त्याची सगळी किंमत वासाला आहे, आणि तो वास दूध गिळून टाकतं. मार्च-एप्रिलचा पहिला तोडा फिका, फुलासारख्या वासाचा असतो. मे-जूनचा दुसरा तोडा गडद आणि मुरलेल्या द्राक्षासारख्या चवीचा. आपल्या जिभेला हा दुसरा लवकर पटतो, तेव्हा विकत घ्यायचाच असेल तर त्याने सुरुवात करा.

करायचा असा: पाणी उकळून गॅस बंद, अर्धं-एक मिनिट थांबून पानांवर ओतायचं, झाकण ठेवायचं, तीन मिनिटांनी पूर्ण गाळून घ्यायचं. भांड्यात थोडा ठेवून नंतर पिऊ म्हटलं तर तो नंतरचा कप तुरट होतो. दार्जिलिंग शहर सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. आपल्याकडे महाबळेश्वरलाही ते शंभरावर पोचत नाही. मुंबईत उकळतं पाणी तसंच पानांवर ओतलं, तर ते दार्जिलिंगमधल्या उकळत्या पाण्यापेक्षाही गरम असतं.

गार चहा करायचा असेल तर दार्जिलिंग वाया घालवू नका, दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला चहा घ्या. बऱ्याच चहांचा कडक अर्क फ्रिजमध्ये गढूळ होतो, कारण थंडीत कॅफीन आणि तुरट द्रव्यं एकमेकांना धरून बसतात. निलगिरीचा चहा स्वच्छ राहण्याबद्दल नावाजलेला आहे. गढूळ झालाच तर थोडं उकळतं पाणी ओता, निवळतो.

गवती चहा, वेलची वगैरे

पाती दुधाबरोबर दहा मिनिटं उकळली तर चहाला गवताचा उग्र वास येतो. पाती कापून, हाताने चुरगळून चहा पुडीबरोबर घाला आणि गॅस बंद केल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा. तुळशीचंही तसंच. वेलची शेवटी, ठेचून, सालासकट. दालचिनी आणि मिरी मात्र आधणात, त्यांना वेळ लागतो.

दोन कप छान होतात, वीस कप बिघडतात

हळदीकुंकवाला किंवा सत्यनारायणाला हे हमखास घडतं. दोन कपांचा हिशेब दहाने गुणून पाणी ठेवलं जातं आणि चहा पाणचट होतो. छोट्या पातेल्यात उकळताना बऱ्यापैकी पाणी वाफेने आटतं. मोठ्या, खोल पातेल्यात त्या मानाने फारच कमी आटतं. त्यामुळे पाणी गुणाकारापेक्षा थोडं कमी घ्या. दुसरी गंमत अशी की मोठं आधण थंड दूध घातल्यावर पुन्हा उकळायला दहा-बारा मिनिटं घेतं आणि तोवर पूड आत शिजत राहते, म्हणजे चहा पाणचट आणि कडवट एकदमच होतो. दूध दुसऱ्या शेगडीवर उकळतं ठेवा, आणि पूड सुती फडक्यात सैल पुरचुंडी बांधून सोडा. तीन-चार मिनिटांनी पुरचुंडी उचलून बाजूला ठेवायची. साखर त्यात घालू नका, कारण वीस माणसांत तीन-चार बिनसाखरेवाले निघतातच आणि त्यांच्यासाठी ऐन वेळी दुसरं पातेलं चढवायला कोणालाच सवड नसते.